आकस्मिक हृदयमृत्यू : सामान्य जनसमूहात प्रमाण किती?

काही महिन्यांपूर्वी आमच्या तालुका शाखेच्या मासिक सभेत एका ज्येष्ठ औषधविक्रेत्या सभासदांनी एक साधा प्रश्न विचारला. "वैद्यराज, बसल्या जागी माणूस गेल्याचे प्रकार हल्ली फार कानावर येतात. हे खरोखर होतात तरी किती?" सभेस उपस्थित असलेल्या आम्हा सात-आठ वैद्यांपैकी प्रत्येकाने उत्तर दिले आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे होते. कोणी म्हणाले, घरोघरी हेच चालले आहे. कोणी म्हणाले, ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट आहे. आम्हीही आमच्या अनुभवाच्या आधारे काहीतरी ठोकून दिले. घरी आल्यावर मात्र आम्ही स्वतः दिलेल्या मृत्यूच्या दाखल्यांच्या स्थळप्रतींची फाइल काढली. अकस्मात मृत्यू आलेल्या बहुतेक रुग्णांच्या दाखल्यावर आमच्याच हस्ताक्षरात एकच वाक्य होते : 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे'. हृदयक्रिया तर मरणाऱ्या प्रत्येकाचीच बंद पडते. या वाक्यातून मोजणी होणे शक्य नाही, हे तेव्हा ध्यानात आले. त्याच फाइलीत एका आडत दुकानदाराचाही दाखला होता. त्याविषयी पुढे लिहू.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. लोकभाषेत 'अटॅक आला' हा एकच शब्द दोन भिन्न घटनांसाठी वापरला जातो. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अवरुद्ध होऊन हृदयाच्या मांसाचा काही भाग निकामी होणे, हा हृदयविकाराचा झटका होय. त्यात रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, वेदना सांगतो. आकस्मिक हृदयमृत्यूत मात्र हृदयाचे विद्युतकार्य एकाएकी विस्कळीत होते, निलय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. पहिल्या घटनेचे पर्यवसान दुसरीत होऊ शकते व पुष्कळदा होते. परंतु दोन्ही एकच नव्हेत. झटका न येताही, केवळ जुन्या व्रणामुळे, हृदयाच्या मांसाच्या जन्मजात दोषामुळे किंवा विद्युतवहनाच्या विकृतीमुळे असा मृत्यू येतो.

मोजणीसाठी जी व्याख्या सर्वत्र मान्य झाली आहे ती अशी : लक्षणे सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत, कोणाच्या तरी देखत, हृदयाच्या कारणाने आलेला अनपेक्षित मृत्यू; आणि मृत्यूसमयी जवळ कोणी नसल्यास, मृत्यूपूर्वीच्या चोवीस तासांत ती व्यक्ती धडधाकट दिसलेली असणे. आपल्या शास्त्राच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सुश्रुतांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मांपैकी १९ मर्मे सद्यःप्राणहर सांगितली, त्यांत हृदय गणले आणि 'सद्यः' या शब्दासाठी सात रात्रींची मर्यादा घातली. संदर्भ मर्माघाताचा आहे, तो ओढून-ताणून येथे लावण्याचे कारण नाही. परंतु 'तत्काळ' म्हणजे नेमका किती काळ, ही रेषा कोठेतरी आखावीच लागते, हे त्यांनाही जाणवले होते. रेषा जेथे आखाल त्याप्रमाणे संख्या बदलते, हा या विषयातील पहिला धडा आहे.

दुसरा धडा अमेरिकेतील एका मोजणीने दिला आणि आमच्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहर जिच्यात येते त्या मल्टनोमा काउंटीत डॉ. सुमीत चुघ व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २००२ ते जानेवारी २००३ या एका वर्षात घडलेल्या अशा प्रत्येक मृत्यूचा माग काढला. लोकसंख्या होती ६,६०,४८६. रुग्णवाहिकांची सेवा, सर्व रुग्णालये आणि मृत्यूची न्यायवैद्यकीय चौकशी करणारे कार्यालय अशा तिन्ही बाजूंनी नोंदी गोळा केल्या गेल्या, आणि प्रत्येक व्यक्तीचा पूर्ववृत्तांत तपासून ती व्याख्येत बसते की नाही हे वैद्यांनी ठरवले. वर्षअखेर संख्या आली ३५३, म्हणजे दर लाखास ५३; एकूण मृत्यूंच्या ५.६ टक्के. त्यानंतर त्याच काउंटीतील त्याच वर्षाचे मृत्यूचे दाखले घेऊन, त्यांवर लिहिलेल्या कारणांच्या आधारे पुन्हा मोजणी केली. या वेळी संख्या आली १,००७, म्हणजे दर लाखास १५३. माणसे तीच, वर्ष तेच, मृत्यूही तेच. केवळ दाखल्यांवर विसंबल्यामुळे संख्या जवळजवळ तिप्पट झाली. त्यातही गंमत अशी की, दाखल्यांच्या यादीत खऱ्या रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्के नव्हतेच. नको ते आले होते आणि हवे ते सुटले होते.

संपूर्ण अमेरिकेसाठी वर्षाला १ लाख ८० हजारांपासून साडेचार लाखांपर्यंत एवढे विस्तृत आकडे का सांगितले जातात, याचे उत्तर या मोजणीत आहे. पद्धत बदलली की आकडा बदलतो.

सॅन फ्रान्सिस्को येथे याच्याही पुढे एक पाऊल टाकले गेले. तेथे व्याख्येत बसणाऱ्या ५२५ आकस्मिक मृत्यूंचे शवविच्छेदन करण्यात आले व त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. हृदयाच्या विद्युतकार्यातील बिघाडाने आलेले मृत्यू त्यांत अर्ध्याहून थोडेच अधिक, सुमारे ५६ टक्के निघाले. उरलेल्यांत मेंदूतील रक्तस्राव, फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी, महारोहिणी फाटणे अशी कारणे सापडली. आणि सात-आठ जणांमागे एक मृत्यू मादक वा अन्य औषधांच्या अतिमात्रेचा होता, ज्याची बाहेरून कोणालाही शंका आली नव्हती. म्हणजे तज्ज्ञांनी काळजीपूर्वक 'हृदयमृत्यू' ठरवलेल्यांतही बरेचसे हृदयाचे नव्हते. मग अंगणात जमलेल्या नातेवाइकांच्या गर्दीत, नाडी पाहून पाच मिनिटांत आपण जे लिहितो त्याची काय कथा!

आपल्या देशात ही अडचण कितीतरी पटींनी मोठी आहे. २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १० प्रमाणे अखेरच्या आजारात ज्याने उपचार केले त्या वैद्यकाने कारणाचा दाखला विनाशुल्क द्यावयाचा असतो. घरी झालेल्या मृत्यूसाठी त्याचा नमुना ४ अ आहे. आता आकस्मिक मृत्यूत 'अखेरचा आजार' असा नसतोच. सायंकाळपर्यंत दुकानात बसलेला मनुष्य पहाटे अंथरुणात मृत आढळतो. त्याच्यावर कोणीच उपचार करीत नव्हते. अशा वेळी गावातील वैद्य म्हणून आपल्याला हाक येते आणि शेजारधर्म म्हणून आपण सही करतो. वास्तविक ज्याला आपण आधी तपासलेलेच नाही, ज्याच्या मृत्यूचे कारण आपल्याला माहीत नाही, त्याचा दाखला देण्यास नकार देऊन पोलिसांना कळवणे, हाच कायद्याला धरून असलेला मार्ग आहे. तो अप्रिय आहे. शवविच्छेदनाचे नाव काढताच घरच्यांचा चेहरा कसा होतो हे आम्ही पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी आम्ही ठाम राहिलो असेही नाही.

जेथे दाखला देणे योग्य आहे तेथे निदान नमुन्यावर छापलेली सूचना तरी वाचावी. मृत्यूची रीत न लिहिता मृत्यूस कारणीभूत झालेला रोग लिहावा, असे तेथे स्पष्ट सांगितलेले असते. 'हृदयक्रिया बंद' ही रीत झाली. त्याऐवजी रुग्णास दहा वर्षे मधुमेह होता, पूर्वी झटका येऊन गेला होता, सकाळी साडेसहाला छातीत दुखू लागले आणि सात वाजता मृत्यू झाला, एवढे माहीत असल्यास कारणांच्या साखळीत ते क्रमाने लिहावे. या चार गोष्टींनी दाखला अभ्यासाच्या उपयोगाचा होतो.

तरीही आपल्याकडे काही मोजणी झाली आहे. दक्षिण भारतातील लोकसंख्येवर आधारलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांना ठरावीक प्रश्न विचारायचे व त्यांच्या उत्तरांवरून कारण निश्चित करायचे, अशी पद्धत वापरण्यात आली. या मौखिक चौकशीत आकस्मिक हृदयमृत्यूचे प्रमाण एकूण मृत्यूंच्या १०.३ टक्के आढळले, आणि मृतांचे वय पाश्चात्त्य देशांतील अशा मृतांपेक्षा सरासरीने पाच ते आठ वर्षांनी कमी होते. शवविच्छेदन नसल्याने आकड्यात थोडी सूज असणार, हे सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव पाहता गृहीत धरावे. पण वयाची गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. घरातील कर्ता मनुष्य जाण्याचे वय ते हेच.

आता सभेतील त्या प्रश्नाकडे वळू. एखाद्या मध्यम गावाची, किंवा शहरात आपल्या चिकित्सालयाच्या परिसराची वस्ती दहा हजार धरू. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली भारताचा मृत्युदर दर हजारी ६ होता. म्हणजे या वस्तीत वर्षाला साधारण ६० मृत्यू. त्यांतील १०.३ टक्के म्हणजे सहा. ऑरेगनच्या दराने मोजले तर पाच. दोन्ही जनसमूहांची वयोरचना, आहार, उपचारांच्या सोयी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असल्याने हे आकडे इतके जवळ यावेत याला फार अर्थ देऊ नये. तथापि ढोबळ उत्तर म्हणून हे पुरेसे आहे : दहा हजार वस्तीत वर्षाला पाच-सहा, म्हणजे दोन महिन्यांस एक. हे 'घरोघरी' नव्हे आणि 'फुगवलेले' तर मुळीच नव्हे. परिसरात दोन-तीन औषधांची दुकाने आणि चार वैद्य असतील, तर त्या सहांपैकी प्रत्येकाची कोणा ना कोणाशी ओळख असणारच.

हे मृत्यू वाढले आहेत काय, या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाला मात्र अशा आकडेमोडीने उत्तर देता येत नाही. वाढ सांगण्यास आधीची त्याच पद्धतीची मोजणी हवी. वृत्तपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचतात त्या घटना निवडक असतात. २०२१ साली अभिनेते सिद्धार्थ शुक्ला चाळिसाव्या वर्षी आणि पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांचे पालक आमच्याकडे विचारणा करण्यास येऊ लागले. त्याच काळात कोविडच्या लसीवरही ठपका येऊ लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील, पूर्वी निरोगी असलेल्या ७२९ व्यक्तींच्या अकस्मात व अनाकलनीय मृत्यूंची, २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना करून ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने चौकशी केली व २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात अकस्मात मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान अथवा अतिश्रमाचा व्यायाम, आणि मादक द्रव्ये. यांतील कुटुंबाचा इतिहास ही बाब आम्ही पूर्वी केस पेपरवर लिहीत नव्हतो. आता प्रत्येक तरुण रुग्णाला विचारतो.

मात्र तरुणांच्या मृत्यूंनी डोळे दिपून जाऊ देऊ नयेत. मल्टनोमातील मृतांचे मध्यम वय ६९ होते. पस्तिशीपुढील अशा मृत्यूंच्या मुळाशी बहुतांशी हृदयरोहिण्यांचा रोगच असतो. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम गावातील लोकांचा १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यावरून काढलेल्या एका अनुमानानुसार, ४५ वर्षांच्या पुरुषाला उर्वरित आयुष्यात आकस्मिक हृदयमृत्यू येण्याचा संभव १०.९ टक्के, तर स्त्रीला २.८ टक्के असतो. आणि धोक्याची प्रतवारी लावण्यास इतर घटकांपेक्षा रक्तदाब अधिक उपयोगी पडतो. अर्थात हा तेथील गोऱ्या लोकसमूहाचा आकडा आहे, आपल्याकडे तो तसाच उचलून लावता येणार नाही. रक्तदाबमापक यंत्र मात्र आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर असते.

येथे एका विरोधाभासाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. अमेरिकन हृदयतज्ज्ञ रॉबर्ट मायरबर्ग यांनी तो मांडला. ज्यांचे हृदय अत्यंत दुर्बळ झाले आहे, ज्यांना पूर्वी एकदा असा प्रसंग येऊन गेला आहे, अशांना पुढील वर्षभरात मृत्यूचा धोका फार मोठा असतो; परंतु अशी माणसे संख्येने थोडी. उलट ज्यांना काहीच झालेले नाही, फार तर रक्तदाब किंचित वाढलेला आहे, त्यांच्यातील प्रत्येकाचा धोका अगदी अल्प. पण ती माणसे असंख्य. परिणामी एकूण मृतांत भर पडते ती या दुसऱ्या गटाची. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्टच्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या व्यक्तींत हृदयाच्या रोगाची ही पहिलीच खूण होती. तेथे सुमारे ऐंशी टक्के प्रसंग घरात घडले, आणि दहांपैकी चारांच्या वेळी जवळ कोणी नव्हते. हृदयाची नित्य जाण असलेल्यांनाही हे चुकत नाही. विख्यात हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके यांचे २००३ साली मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानेच निधन झाले.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात सद्योमरणीय नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथील अरिष्टलक्षणे आधीच रुग्ण असलेल्या, वैद्यासमोर असलेल्या मनुष्याची आहेत. अरिष्टज्ञान हे पहिल्या गटाचे शास्त्र होय. दुसऱ्या गटासाठी चरकांचाच विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय अधिक उद्बोधक वाटतो. अकालमृत्यू समजावताना गाडीच्या आसाचा दृष्टांत तेथे येतो. उत्तम आस नीट वापरला तर आपल्या काळाने झिजतो. तोच अतिभार, वाईट रस्ता, अकुशल हाकणारा अशा कारणांनी मध्येच मोडतो. आस मोडायच्या आधी गाडी चालतच असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती चांगलीच दिसते.

(एक विषयांतर. असे मृत्यू सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक होतात असे जुन्या अभ्यासांत आढळले होते, आणि आपल्यातील काही लेखकांनी लगोलग त्याची सांगड कफकाळाशी घातली. पुढे ऑरेगनच्याच अलीकडील नोंदींत सकाळचे हे शिखर दिसून आले नाही. नव्या संशोधनाचा प्रत्येक आकडा उचलून आपल्या सिद्धांताला चिकटवण्याची घाई करू नये, एवढेच सुचवतो.)

आता मूळ मुद्द्याकडे. हा मृत्यू 'आकस्मिक' म्हटला जात असला तरी तो नेहमीच निरोप न पाठवता येत नाही. ऑरेगनमध्येच ३५ ते ६५ वयाच्या ८३९ व्यक्तींच्या मागील चार आठवड्यांची चौकशी केली असता, ५१ टक्के व्यक्तींना काही ना काही पूर्वलक्षणे होऊन गेल्याचे निष्पन्न झाले. बहुतेकांना छातीत दुखणे वा दाटणे, त्याखालोखाल श्वास लागणे. यांतील दहांपैकी नऊ जणांहून अधिकांना ती लक्षणे अखेरच्या चोवीस तासांत पुन्हा झाली. तरी तातडीच्या सेवेला हाक दिली ती केवळ १९ टक्क्यांनी. ज्यांनी दिली त्यांच्यापैकी ३२ टक्के जगले; न देणाऱ्यांपैकी ६ टक्के. हे निष्कर्ष २०१६ चे आहेत.

उरलेले ८१ टक्के कोठे गेले असतील? अमेरिकेचे आम्हांस ठाऊक नाही, पण आपल्याकडे ते कोठे जातात हे आपण सर्व जाणतो. ते आपल्याकडे येतात. 'जरा ॲसिडिटी झाली आहे, एक गोळी द्या' असे म्हणत औषधाच्या दुकानाच्या फळीपाशी उभे राहतात.

तो आडत दुकानदार पन्नाशीचा होता. पित्तप्रकृती, जागरण, वेळी-अवेळी जेवण, तंबाखू. छातीत जळजळ व आंबट ढेकर अशी तक्रार घेऊन आठ दिवसांच्या अंतराने दोनदा आला. आम्ही आम्लपित्ताचे निदान केले, सूतशेखर व अविपत्तिकर चूर्ण दिले, पथ्य सांगितले. दुसऱ्या भेटीनंतर चौथ्या दिवशी पहाटे तो घरी मृत झाला. दाखला आम्हीच दिला. पुढे केव्हातरी त्याचा केस पेपर हाती आला. त्यावर पहिल्याच भेटीत आमच्या अक्षरात लिहिलेले होते : 'माळ्याचा जिना चढताना अधिक, बसल्यावर शमते.' आम्ही ऐकले होते, लिहिलेही होते. त्यावर विचार तेवढा केला नव्हता. आदल्या रात्री त्याने मुलाला धाडून दुकानातून गोळ्यांची एक पट्टी आणवली होती, असे मुलाने नंतर सांगितले. पट्टी देणाऱ्याने कोणासाठी हवी हे विचारले नव्हते. आम्ही समोर रुग्ण असताना विचारले नाही, तेथे त्याला दोष कसा द्यावा?

शास्त्राने आपल्याला सावध केलेले नाही असेही नाही. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात चरकांनी हृद्रोगाचे पाच प्रकार सांगताना पित्तज हृद्रोगात हृदयप्रदेशी दाह, कडू-आंबट ओकारी, थकवा, तहान, मूर्च्छा, भ्रम व घाम ही लक्षणे दिली आहेत. म्हणजे जळजळ आणि आंबटपणा एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही; उलट त्यांच्या जोडीला घाम आणि ग्लानी असेल तर हृदयाचाच विचार आधी यावा. आम्ही हा पाठ परीक्षेसाठी मुखोद्गत केला होता.

म्हणून चाळिशीपुढील कोणीही छातीची, कंठाची, जबड्याची किंवा वरच्या पोटाची तक्रार सांगितली की प्रथम श्रमाशी संबंध विचारावा. चालताना, जिना चढताना, ओझे उचलताना वाढते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते काय? नव्याने सुरू झाली आहे काय, की पूर्वीपेक्षा थोड्या श्रमाने होऊ लागली आहे? सोबत घाम, दम, डाव्या हातात वा जबड्यात ओढ आहे काय? मधुमेही व स्त्रिया यांच्यात वेदना नसून केवळ दम किंवा एकाएकी आलेला थकवा असू शकतो. 'होय' असे उत्तर आल्यास चूर्ण बाजूला ठेवावे व त्याच दिवशी ईसीजीची व हृदयतज्ज्ञांची सोय असेल तेथे पाठवावे. तक्रार त्या क्षणी चालू असेल तर १०८ ला फोन करावा. विश्रांतीच्या अवस्थेतील ईसीजी निर्दोष आला म्हणून हृद्रोग नाही असे समजू नये, ही चूक फार होते. अर्जुन, पार्थाद्यरिष्ट, प्रभाकर वटी यांचे स्थान आपल्या चिकित्सेत आहेच. परंतु या प्रसंगी त्यांच्या भरवशावर आठ दिवस काढणे म्हणजे वेळ दवडणे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगावयाच्या आहेत. ॲसिडिटीसाठी ज्या कॅप्सुला सर्रास मागितल्या जातात त्यांपैकी पुष्कळांत पँटोप्रॅझोलसोबत डोम्पेरिडोन असते. हृदयाच्या विद्युतचक्रातील एक टप्पा लांबवून गंभीर लय-बिघाड घडवण्याचा धोका या औषधात आहे आणि युरोपात २०१४ पासून त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या गेल्या. ज्याची छाती मुळात हृदयामुळे जळत आहे त्याच्या हाती नेमके हेच जाते. दुसरी गोष्ट आपल्याच कपाटातील. वत्सनाभाचे विष निलयांची लय बिघडवून मारते. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारख्या कल्पांतील वत्सनाभाची शुद्धी खात्रीची नसेल, किंवा ग्राहक स्वतःच्या मनाने मात्रा वाढवीत असेल, तर तो कल्प विकू नये. ज्येष्ठमधाचे दीर्घकाळ अतिसेवन रक्तातील पोटॅशियम घटवते, हेही ध्यानात असावे; मूत्रल गोळ्या चालू असलेल्या रुग्णात तर विशेष.

राहता राहिला प्रत्यक्ष प्रसंग. मनुष्य समोर कोसळतो, हाकेला ओ देत नाही. पहिल्या मिनिटांत तो अधूनमधून मोठा, घरघरता श्वास घेताना दिसतो. घरचे म्हणतात ऊर्ध्व लागला, आणि गंगाजल-तुळशीपत्राची धावपळ सुरू होते. कधी हातपाय झटकतात, तेव्हा फिट समजून नाकाला कांदा किंवा चप्पल लावली जाते. हा श्वास श्वास नव्हे. विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत होईपर्यंत सरणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून चालू आहे आणि त्या रुग्णवाहिकांवर आपले अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर काम करतात. पण ती पोहोचेपर्यंतची मिनिटे जवळ असणाऱ्याचीच असतात. एकाने फोन करावा. दुसऱ्याने रुग्णास कठीण जमिनीवर उताणे ठेवून, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नये. दोघे असल्यास दर दोन मिनिटांनी आळीपाळीने करावे. कारण दाबणारा थकला आहे हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येण्याआधीच दाबाची खोली कमी झालेली असते.